दिसले ते आणि वाटले ते
(पाणपक्ष्यांच्या संशयास्पद नोंदींविषयी काही विचार)



शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल प्रथम संस्थेचे मनःपूर्वक आभार मानतो. शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय काहींना जरा आडवळणाचा वाटेल. सारख्या दिसणाऱ्या पाणपक्ष्यांविषयी पक्षिनिरीक्षकांत जे वाद होतात, त्यांच्याशी शाळेचा काय संबंध, असे कोणी विचारील. माझे नम्र म्हणणे असे की, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची साक्ष कशी द्यावी, ती कशी तपासावी आणि खात्री नसेल तेथे काय म्हणावे, हे शिकण्याची याहून चांगली पाठशाळा मला माहीत नाही.

वडोदऱ्याच्या श्रोत्यांना वढवाणा तलाव नव्याने सांगायला नको. डभोई तालुक्यातील हा तलाव बडोदे संस्थानाने सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० साली, शेतीच्या पाण्यासाठी बांधला. शेतकऱ्यासाठी अडवलेल्या त्या पाण्यावर पुढे दर हिवाळ्यात मध्य आशियातून उतरणाऱ्या पक्ष्यांनी आपला हक्क सांगितला आणि २०२१ साली त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, म्हणजे रामसर यादीत झाली. डिसेंबरच्या सकाळी तेथे पाळीवर उभे राहिले की समोर हजारो ठिपके दिसतात. पाण्यावर धुके असते आणि ऊन समोरून येत असते. अशा वेळी दोन जाणकार एकाच पक्ष्याला दोन नावे देतात आणि तेथून आजच्या विषयाला सुरुवात होते.

आपल्या परंपरेने या अवस्थेचा विचार फार पूर्वी केला आहे. सांजवेळी दूरवर काहीतरी उभे आहे; तो खांब की माणूस, हे कळत नाही. न्यायशास्त्रात संशयाचे हे नेहमीचे उदाहरण. न्यायदर्शनाने जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा आहे. संशयाला तेथे मानाचे स्थान आहे, कारण शोधाला आरंभ त्याच्यापासून होतो. दोरीला साप समजणे मात्र वेगळे. तो भ्रम. संशयात माणसाला आपल्याला कळलेले नाही हे ठाऊक असते. भ्रमात त्याची खात्री पटलेली असते. पक्षिनिरीक्षणातील बहुतेक चुकीच्या नोंदी संशयातून होत नाहीत, त्या खात्रीतून होतात.

ही खात्री कशी फसवते, ते नित्य परिचयाच्या पांढऱ्या बगळ्यांवरून पाहू. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पावले पिवळी. गाय बगळ्याची चोच आखूड व पिवळी. मध्यम आणि मोठा बगळा यांच्या चोची पिवळ्या. एवढे पाठ केले की काम संपले, असे नवशिक्याला वाटते. पण विणीच्या हंगामात मोठ्या बगळ्याची चोच काळी होते, मध्यम बगळ्याचीही काळी होते, आणि गाय बगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी झाक चढते. म्हणजे ज्या रंगावर आपण विसंबलो तोच ऋतूबरोबर बदलतो. म्हणून जाणकार रंगापेक्षा ठेवण पाहतात. मोठ्या बगळ्याच्या जबड्याची रेषा डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. ही खूण ऋतूप्रमाणे बदलत नाही; मात्र ती दिसायला पक्षी जवळ हवा आणि पाहणाऱ्याला धीर हवा.

गुजरातच्या किनाऱ्यावर याहून मोठी पंचाईत आहे. तेथील समुद्रबगळा गडद राखाडी रंगाचा असतो, तसाच तो पांढऱ्या रूपातही आढळतो. पांढऱ्या रूपातला समुद्रबगळा आणि लहान बगळा यांत चोचीची जाडी, तिचा रंग आणि भक्ष्य पकडण्याची ढब एवढाच भेद उरतो. त्यातच या दोन जातींचा संकर होतो. तेव्हा काही पक्षी असे असतात की त्यांना एकच नाव देताच येत नाही. हा पाहणाऱ्याचा दोष नव्हे. निसर्गाने आपल्या पुस्तकांतील रकाने पाहून पक्षी घडवलेले नाहीत.

पाणकावळ्यांचे तसेच. लहान पाणकावळा, भारतीय पाणकावळा आणि मोठा पाणकावळा हे तिघेही एकाच वठलेल्या झाडावर पंख पसरून बसतात. मोठा पाणकावळा अंगाने भारी, लहानाची चोच आखूड आणि कपाळ उभे, भारतीय पाणकावळ्याची चोच लांब व बारीक आणि डोळा निळसर-हिरवा. तिघे शेजारी असले तर मूलही त्यांना वेगळे करील. पण एकटा पक्षी दूर पाण्यात पोहत असेल तर मोजमाप कशाशी ताडायचे? मोकळ्या पाण्यावर आकाराचा अंदाज नेहमीच दगा देतो.

आता बदकांकडे वळू. नर बदकांची झगझगीत पिसे विणीनंतर झडतात आणि काही काळ ते मादीसारखे मळकट दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरणारे कित्येक नर याच वेषात असतात. त्यामुळे हंगामाच्या आरंभीच्या नोंदींत माद्याच माद्या दिसतात आणि काही दुर्मीळ जाती उगाच अवतरतात. शेपटीखाली पांढरे दिसले की फेरुजिनस बदक, असे समजण्याची सवय अनेकांना असते. परंतु शेंडीवाल्या बदकाच्या काही माद्यांनाही शेपटीखाली पांढरे असते. मग डोळ्याचा रंग, डोक्याचा घाट, मागच्या शेंडीची पुसट खूण असे सारे पाहावे लागते. एका लक्षणावर निकाल देऊ नये, हा या विद्येचा पहिला धडा.

कोणी म्हणेल, एका बदकाचे नाव चुकले तर काय बिघडले? याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे. १९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते आणि ती मुख्यतः तुमच्या-आमच्यासारखे हौशी निरीक्षक करतात. एखादी पाणथळ जागा रामसर यादीत घेण्यासाठी जे निकष आहेत त्यांत एक असा की, तेथे नेहमी २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असावेत. दुसरा असा की, एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तरी तेथे असावी. म्हणजे पाळीवर उभे राहून आपण कागदावर लिहिलेला आकडा त्या तलावाच्या संरक्षणापर्यंत जाऊन पोहोचतो. छोटी लालसरी एकेकाळी सामान्य मानली जात होती; २०१५ साली तिला संकटप्रवण जातींत घालावे लागले. अशा जातीच्या माद्या दुसऱ्याच कोणाच्या नावावर मोजल्या गेल्या, तर तिची घट उशिरा कळते. दुर्मीळ नसलेली जात दुर्मीळाच्या नावे चढली, तर ती जात सुखरूप आहे असा खोटा दिलासा मिळतो. दोन्ही चुका पक्ष्यांनाच भोवतात.

या गोष्टीचे सर्वांत करुण उदाहरण म्हणजे गुलाबी डोक्याचे बदक. गंगा व ब्रह्मपुत्रेच्या सखल प्रदेशातील, उंच गवतात दडलेल्या तळ्यांचा हा रहिवासी. नराचे अंग काळपट तपकिरी आणि डोके व मान गुलाबी. त्याची अंडी जवळजवळ चेंडूसारखी गोल असत. १९३५ साली दरभंग्याजवळ झालेली नोंद ही रानातील अखेरची खात्रीची नोंद म्हणून सामान्यतः सांगितली जाते. काही पक्षी इंग्लंड आणि फ्रान्समधील खासगी संग्रहांत आणखी थोडी वर्षे जगले. त्यानंतर पक्षी दिसल्याच्या वार्ता मात्र थांबल्या नाहीत. भारतातून आल्या, म्यानमारमधून आल्या. २०१७ साली म्यानमारच्या इंदॉजी सरोवरावर खास शोधमोहीम गेली आणि रिकाम्या हाताने परतली.

या वार्तांमागे पुष्कळदा जो पक्षी असतो, तो वढवाण्याला येणारी मोठी लालसरी. पश्चिम भारतात एरवी तुरळक असणारे हे बदक तेथे हिवाळ्यात नियमाने नोंदले जाते. नराचे डोके तांबूस-नारिंगी, चोच पोवळ्यासारखी लाल. सकाळच्या तिरप्या उन्हात, धुक्याच्या पडद्याआडून ते डोके गुलाबी भासते. भेद सांगायचा तर सोपा आहे. लालसरीच्या नराची छाती काळी आणि कुशी पांढऱ्या असतात. उडताना पंखावर रुंद पांढरा पट्टा उघडतो. गुलाबी डोक्याच्या बदकाच्या कुशीला पांढरे नाही आणि पंखावरचा पट्टा फिका बदामी. पण हे भेद ज्याला पाहायचे आहेत त्यालाच दिसतात. ज्याने ऐंशी-नव्वद वर्षे हरवलेला पक्षी शोधायचे मनाशी ठरवले आहे, त्याची नजर गुलाबी डोक्यावर खिळते आणि पांढरी कूस तिच्यातून निसटते. इच्छा डोळ्यांना मागे सारते ती अशी. हे निरीक्षक खोटे बोलत नाहीत. ते जे वाटले तेच सांगतात. मात्र दिसले ते आणि वाटले ते, यांतली रेघ पुसली गेलेली असते.

आणखी एक उदाहरण सांगतो. बारीक चोचीचा कुरल हा सैबेरियात वीण करणारा आणि भूमध्यसागराच्या आसपास हिवाळा काढणारा दलदलीतला पक्षी. नेहमीच्या मोठ्या कुरलाशी त्याचे साम्य फार. त्याची खात्रीची शेवटची नोंद १९९५ सालची, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची. त्यानंतर १९९८ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर एक कुरल दिसला. पुष्कळांनी तो पाहिला, त्याची छायाचित्रे घेतली, चित्रफीतही घेतली. तज्ज्ञांच्या समितीने ती नोंद मान्य केली. पुढे सुमारे दीड दशकाने त्याच पुराव्याची फेरतपासणी झाली आणि ती नोंद राष्ट्रीय यादीतून काढण्यात आली. तेथे कोणाची लबाडी नव्हती. मधल्या काळात साध्या कुरलांतील फरकांविषयीचे ज्ञान वाढले होते आणि पूर्वी पुरेसा वाटलेला पुरावा आता अपुरा ठरला. २०२५ च्या ऑक्टोबरात बारीक चोचीचा कुरल नामशेष झाल्याचे जाहीर झाले. यातून दोन गोष्टी उमगतात. छायाचित्र हाती आले म्हणून वाद मिटतोच असे नाही. आणि ज्या समितीला आपला जुना निर्णय बदलता येतो, तिच्यावरच विश्वास ठेवता येतो.

नोंद तपासणे म्हणजे नुसते खोडून काढणे, असा एक गैरसमज आहे. तो दूर करणारी गोष्ट पाणपक्ष्याची नाही. पण ती गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरची असल्याने येथे सांगणे अस्थानी होणार नाही. रानपिंगळा हे मध्य भारतातील एक छोटे घुबड. त्याचा शेवटचा नमुना १९१४ साली सुरतेकडील मांडवीला मिळाला, असे रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामांकित इंग्रज संग्राहकाच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. पुढे शोध घेणारे त्या चिठ्ठीवर विसंबले आणि त्यांना काही मिळाले नाही. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयातील कातडी बारकाईने तपासली. तो नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला, चोरून पुन्हा शिवलेला आणि नव्या चिठ्ठीनिशी ठेवलेला आहे, असे सिद्ध झाले. खोटी नोंद बाजूला झाल्यावर शोधाची दिशा बदलली. खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध सुरू झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षे ज्याची खरी नोंद नव्हती, तो पक्षी एक खोटी नोंद पुसल्यामुळे जगाला परत मिळाला. संशयाचे याहून गोड फळ कोणते असेल?

आता या वादांच्या रीतीविषयी थोडे बोलतो, कारण बहुतेक मंडळे पक्ष्यांवरून फुटत नाहीत, बोलण्यावरून फुटतात. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद. जिंकावे म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडतोड करणे ही वितंडा. एखाद्या तरुणाने दुर्मीळ पक्षी पाहिल्याचे सांगितले की ज्येष्ठांपैकी कोणीतरी हसतो. ती वितंडा झाली. मग तो तरुण हट्टाला पेटतो आणि न पाहिलेल्या खुणाही त्याला आठवू लागतात. तो जल्प झाला. यात पक्षी राहतो बाजूला. त्या मुलाने पुढच्या वेळी काही न सांगायचे ठरवले, तर मंडळाने एक निरीक्षक कायमचा गमावला. आणि त्याने पाहिलेला पक्षी खरोखरच दुर्मीळ असला, तर एक नोंदही गमावली.

वादाची रीत साधी आहे. ‘तो कोणता पक्षी होता?’ असे आधी विचारू नये. ‘तुम्हांला काय दिसले?’ असे विचारावे. किती अंतरावरून, किती वेळ, ऊन कोणत्या बाजूला होते, शेजारी दुसरा कोणता पक्षी होता, तो उडाला तेव्हा पंखावर काय दिसले आणि काय दिसले नाही, हे विचारावे. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. ‘पाय पाहता आले नाहीत’ असे लिहिणाऱ्या निरीक्षकाच्या बाकीच्या शब्दांचे वजन वाढते. टिपण जागेवरच करावे आणि पुस्तक उघडण्यापूर्वी करावे. कारण पुस्तकातले चित्र एकदा पाहिले की आठवण त्या चित्राच्या रंगात रंगते. हल्ली भ्रमणध्वनीतील कार्यक्रम क्षणात नाव सुचवतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण सुचवलेले नाव म्हणजे साक्ष नव्हे. उलट्या उन्हात घेतलेल्या छायाचित्रात रंग बदलतात हे यंत्रही जाणत नाही, आणि आपण जाणत नसलो तर दोघे मिळून फसतो.

नोंद नाकारली म्हणजे नोंदवणारा खोटा ठरला, असे नाही. ‘पुरावा अपुरा’ आणि ‘विधान असत्य’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. न्यायालयातही ती वेगळी असतात. अपुऱ्या पुराव्याची नोंद जपून ठेवावी. पुढे ज्ञान वाढले तर तीच कामाला येईल. म्हणून गणनेच्या तक्त्यात ‘नाव न ठरलेली बदके’ असा रकाना असतो, आणि ई-बर्डसारख्या नोंदसंग्रहांतही ‘लहान किंवा भारतीय पाणकावळा’ असे लिहिण्याची सोय असते. मला हा रकाना अत्यंत आदरणीय वाटतो. त्यात लिहिलेला प्रत्येक आकडा म्हणजे कोणीतरी मोह आवरला याची नोंद आहे.

हंसाला नीर आणि क्षीर वेगळे करता येते, असा आपल्याकडे कविसंकेत आहे. पक्षिशास्त्र त्याला आधार देत नाही. पण त्या संकेतामागची अपेक्षा माणसाकडून आहे. बगळ्याच्या एकाग्रतेला आपण ढोंग म्हणून नावे ठेवली, हंसाला विवेकाचे प्रतीक केले. पाळीवर दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दोघांचेही गुण लागतात. बगळ्यासारखे तासन्‌तास निश्चल उभे राहता आले पाहिजे आणि समोर आलेल्यातून खरे तेवढेच उचलता आले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत उत्तर येत नसेल तरी काहीतरी लिहून यावे, असे तुम्हांला सांगितले जाते. गुणांच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असेल. निरीक्षकाच्या वहीत मात्र तो नियम चालत नाही. तेथे ‘ठाऊक नाही’ हे उत्तर बरोबर असू शकते. मात्र ते कष्टाने मिळवलेले हवे. चोच पाहिली, पाय पाहिले, पंखपट्टा पाहिला, अर्धा तास थांबलो आणि तरीही ठरले नाही, असे जो लिहितो त्याने पुढच्या माणसाचे निम्मे काम केलेले असते. पाहण्याचा आळस झाकण्यासाठी लिहिलेले ‘ठाऊक नाही’ वेगळे, आणि पाहून थकल्यावर लिहिलेले वेगळे. शिक्षकाला या दोहोंतला फरक वही उघडताच कळतो.

आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या सहलींच्या वह्या, टिपणे, छायाचित्रे पडून असतील. वढवाण्याच्या पाळीवर कोणत्या साली कोणते पक्षी दिसले, याची साधीसुधी, तारीखवार टिपणे आज अमोल आहेत. त्यांत चुका असतील, खाडाखोड असेल, प्रश्नचिन्हे असतील. कृपा करून ती प्रश्नचिन्हे पुसू नका. वही तशीच शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. जानेवारीतल्या गणनेला जाताना या शाळेची मुले ती वही वाचून जातील, आणि जिथे तुम्ही थांबलात तिथून पुढे पाहतील.